पिस्ता रंगाच्या बाजूने

परळ, लालबाग, नायगाव, गिरगाव या भागांत सध्या ज्यांना पुनर्विकासातल्या नव्या घराचा ताबा मिळतो आहे, त्यांच्या घरी रंगाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पिस्ता नको हं, चाळीसारखं वाटतं.’ म्हणणारी बहुतेक वेळा घरातली तरुण मंडळी असतात. त्यांच्या मागे एखादा इंटिरियरवाला उभा असतो. आणि जिने चाळीस-पन्नास वर्षं त्या पिस्ता रंगाच्या चार भिंतींत संसार केला, ती आई किंवा सासू गप्प राहते. मग घर पांढरंफटक होतं. फार तर टीव्हीमागची एक भिंत राखाडी. त्या बाईचं गप्प राहणं मला अन्यायाचं वाटतं, कारण या वादात बाजू तिची खरी आहे आणि ती मांडायची कशी हे तिला कुणी विचारलेलंच नाही.

आधीच सांगते, मी चाळीच्या आठवणींची वकिली करत नाही. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजच्या ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी बांधल्या. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-आठ माणसं राहिली, सामायिक संडासापुढे रांगेत उभी राहिली. त्यातलं काहीही परत यावं असं मला वाटत नाही. त्याच जागी आता ५०० चौरस फुटांची घरं मिळतात याचा आनंदच आहे. पण त्या खोल्यांतल्या माणसांना इथल्या उजेडाची आणि इथल्या ओलीची जाण होती, आणि भिंतीचा हलका हिरवा रंग त्या जाणिवेतून आलेला होता. खोलीबरोबर ती जाणही मोडीत काढायचं कारण नाही.

‘गरिबीचा रंग’ हा आरोप सगळ्यात मोठ्याने होतो, म्हणून तोच आधी घेते. कुलाब्याचं रिगल थिएटर १९३३ साली उघडलं. चार्ल्स स्टीव्हन्स यांनी आराखडा केला आणि आतली सजावट कार्ल शारा या चेक कलावंताने. प्रेक्षागृहात सूर्यकिरणांची नक्षी होती आणि तिचे रंग होते फिका नारिंगी आणि जेडचा हिरवा. हेतू असा, की आत पाऊल टाकताच हवेशीर, थंड आणि ऐसपैस वाटावं. त्या काळचं मुंबईतलं हे सर्वांत अद्ययावत चित्रपटगृह, आणि जागा मोठी व थंड वाटावी म्हणून त्याने हिरवा जवळ केला! त्याच सुमारास युरोपात निळसर छटेचा फिका हिरवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आणि पोशाखांत मिरवत होता. दादर-माटुंग्याला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेल्या वसाहतींत आणि शिवाजी पार्काभोवती १९३० आणि ४० च्या दशकांत ज्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या, त्यांनीही हेच फिके, दुधाळ रंग अंगावर घेतले. त्या इमारतींत वकील, डॉक्टर, प्राध्यापक राहायला आले. त्यांना कुणी गरीब म्हटलं नाही. गिरणी कामगाराने तोच रंग आपल्या खोलीला दिला तेव्हा मात्र तो गरिबीचा ठरला. म्हणजे आक्षेप रंगाला नाही, माणसाला आहे, आणि तसा आक्षेप घेणाऱ्याशी रंगाबद्दल काय बोलायचं?

या भागाला रंगातलं कळत नाही असंही कुणी समजू नये. देशातले दोन मोठे रंगउद्योग इथल्याच मातीतले आहेत. आजची नेरोलॅक म्हणजे १९२० साली लोअर परळला सुरू झालेली गहागन पेंट्स अँड व्हार्निश कंपनी. एशियन पेंट्सची सुरुवात १९४२ साली चार मित्रांनी गिरगावात गायवाडीतल्या एका गॅरेजमध्ये केली. परळ-गिरगावातल्या माणसाला भिंतीला काय शोभतं ते शिकवण्यासाठी परदेशी मासिकाचं गुळगुळीत पान आणावं लागतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं बोलू. ‘पांढऱ्याने खोली उजळ आणि मोठी दिसते’ हे पांढऱ्याच्या बाजूचं सगळ्यात भक्कम विधान आहे, आणि त्यात तथ्य आहे. चांगला पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त परत फेकतो. मऊ, फिका हिरवा साधारण साठ ते पंचाहत्तर टक्के. रिकामी खोली उजेडमापकाने मोजली तर पांढरीच जिंकणार. पण आपण रिकाम्या खोलीत राहत नाही. या भागातल्या कुठल्याही घरात भिंतीचा किती भाग उघडा असतो ते पाहा. लोखंडी कपाट, फळ्या, देव्हारा, पोटमाळा, दाराआडचे कपडे, फोटो. उजेड या सगळ्यात जिरतो, आणि भिंतीच्या रंगातलं अंतर आकड्यात दिसतं तेवढं प्रत्यक्षात उरत नाही.

शिवाय उजेड येतो कुठून? बीडीडी चाळीत मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही अंगांना खोल्या. खिडकी एकाच बाजूला. गिरगावच्या चाळींत पुढे गॅलरी, तिच्यावर छपराची सावली, आणि मागची खिडकी दोन इमारतींमधल्या अरुंद हाऊस गल्लीत उघडणारी. नव्या टॉवरमध्ये सगळं बदललं असेल असं वाटतं, पण पुनर्वसनाची इमारत विक्रीच्या इमारतीला खेटून उभी असते. खालच्या आठ-दहा मजल्यांवर उजेड येतो तो समोरच्या भिंतीवरून किंवा काचेवरून आपटून. आकाशाचा तुकडा दिसला तर नशीब. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी होता तसाच एका अंगाने येणारा, दुसऱ्या हाताचा उजेड. अशा उजेडात पांढरी भिंत खिडकीजवळ पांढरी आणि कोपऱ्यात मळकट राखाडी दिसते. पांढऱ्याला स्वतःचा रंग नसतो. सावलीत त्याच्याकडे दाखवायला काही उरत नाही. फिका हिरवा त्याच कोपऱ्यात थोडा गडद होतो, पण हिरवाच राहतो. कोपरा मळलेला न वाटता खोल वाटतो.

यामागे डोळ्याची रचनाही आहे. भरदिवसा माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. उजेड अगदी मंदावला की ही संवेदनशीलता ५०७ च्या आसपास, निळसर हिरव्याकडे सरकते. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हे टिपलं : संधिप्रकाशात तांबडी फुलं काळपटतात आणि हिरवी पानं उजळ राहतात. श्रावणातल्या दुपारी चार वाजताच दिवेलागण झाल्यासारखा अंधार भरून येतो, तेव्हा नारिंगी किंवा गुलाबी भिंत विझू लागते आणि हिरवी टिकते. मुंबईचा पावसाळा चार महिन्यांचा. वर्षाचा एक तृतीयांश काळ ज्या उजेडात काढायचा, त्या उजेडाचा विचार रंग ठरवताना करायचा नाही तर कधी करायचा?

आणि जिथे उजेड कमी नसून जास्त आहे तिथे काय? दादर पश्चिमेला, वरळीला, वरच्या मजल्यांवर, पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरांत दुपारी तीननंतर ऊन थेट आत घुसतं. पांढरी भिंत, खाली पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आणि वर पांढरे एलईडी, असं त्रिकूट जमलं की डोळे दुखतात. पडदे ओढून, भरदुपारी दिवे लावून बसलेली नवीकोरी घरं मी पुष्कळ पाहते. उजेडासाठी घेतलेला पांढरा रंग आणि त्याच्या झळाळीला भिऊन ओढलेला पडदा, ही कसली निवड?

‘हॉस्पिटलसारखं वाटतं’ असं जे म्हणतात, त्यांनी हॉस्पिटलात हिरवा का आला ते समजून घ्यावं. १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी आपल्या शस्त्रक्रियागृहाच्या भिंती हिरव्या करून घेतल्या, कारण पांढऱ्या भिंतींच्या झळाळीने डोळे दिपत आणि जखमेतले बारकावे दिसेनासे होत. तांबड्या रक्ताकडे बराच वेळ पाहिल्यावर नजर पांढऱ्यावर गेली तर तिथे हिरवट डाग तरंगतात. हिरव्या पार्श्वभूमीवर ते विरतात आणि डोळा ताजा होतो. म्हणजे हॉस्पिटलाने हिरवा घेतला तो डोळ्यांच्या विश्रांतीसाठी. तेवढं श्रेय त्याला द्या.

तरीही तुमच्या आठवणीतली ती सरकारी, आजारी हिरवी भिंत खोटी नाही. तिचं कारण मात्र वेगळं आहे. एक, तिच्यावर ऑइल पेंटची चकाकी होती. दोन, ती ट्यूबलाइटच्या उजेडात होती. ट्यूबलाइटच्या प्रकाशात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात. पाऱ्याची एक ठळक हिरवी रेघ ५४६ नॅनोमीटरपाशी असते. हिरव्या भिंतीवर ती पडली की भिंत असते त्याहून हिरवी दिसते, आणि माणसांच्या चेहऱ्यातली लाली मात्र उतरते. तीन पिढ्यांनी पिस्ता रंग पाहिला तो चोक-स्टार्टरवाल्या फडफडत्या ट्यूबखाली. बदनाम व्हायला हवी होती ट्यूब, झाली भिंत. आज घरोघरी एलईडी आहेत. चार हजार केल्विनच्या आसपासचा दिवा घ्या, खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) छापला असेल तर तो ९० किंवा वर आहे ना ते बघा, आणि तोच पिस्ता पुन्हा पाहा. पिवळ्या-तांबूस सागवानी कपाटाशेजारी, पितळेच्या समईशेजारी तो किती वेगळा दिसतो ते शब्दांत सांगण्यापेक्षा बघण्याची गोष्ट आहे. हिरव्याच्या शेजारी लाकडाचा तांबूसपणा आणि माणसाच्या कांतीचा गव्हाळपणा खुलतो. पांढऱ्याच्या शेजारी तेच लाकूड जुनाट दिसतं आणि मग आईच्या लग्नातलं कपाट भंगारात जातं.

विरोधकांच्या एका मुद्द्यापुढे मात्र मी मान तुकवते, आणि तो बहुधा त्यांच्याही ध्यानात नसतो. जुन्या ऑइल पेंटमधला हिरवा खरोखर घातक असू शकतो. पिवळा लेड क्रोमेट आणि प्रशियन ब्लू मिसळून तो हिरवा तयार होत असे, म्हणजे त्यात शिसं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ठोस कायदेशीर मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून : दहा लाख भागांत ९० भाग. त्याआधीचं, कंबरेइतक्या उंचीचं हिरवं ऑइल पेंट ज्यांच्या जुन्या घरात आहे, त्यांनी ते कोरडं घासू नये. पाणी मारून, ओला पॉलिश पेपर वापरून घासावं, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावं, धूळ केरसुणीने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. उपकरप्राप्त इमारतींत, विशेषतः ज्या १९४० च्या आधीच्या आहेत तिथे, भिंतीवर रंगाचे थरावर थर असतात आणि खालच्या थरात काय आहे कुणालाच ठाऊक नसतं. आजच्या डब्यातला फिका हिरवा वेगळा : टायटॅनियमच्या पांढऱ्या बेसमध्ये मशीनने सोडलेले पिवळ्या ऑक्साइडचे, थॅलो हिरव्याचे आणि काळ्याचे थेंब. जुन्या हिरव्याचा गुन्हा नव्याच्या माथी मारू नये.

त्याहूनही जुना हिरवा चुन्याचा. सफेदीच्या चुन्यात मोरचूद घालायची चाल आपल्याकडे जुनी आहे. निळसर हिरवी झाक येते आणि बुरशीला आळा बसतो. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतात, ते हेच दोन पदार्थ. चुना मुळातच इतका अल्कलीधर्मी की बुरशीला त्यावर जगणं कठीण, वर मोरचुदातलं तांबं. चुन्याची भिंत श्वासही घेते. आतली ओल बाहेर निघून जाते. त्याच विटा-चुन्याच्या जुन्या भिंतीवर आज प्लास्टिक इमल्शनचे दोन हात मारले जातात आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पोपडे सुटतात, लोणा फुटतो. दोष हिरव्याचा नाही आणि पांढऱ्याचाही नाही, थराचा आहे. पण ओलीचा डाग पांढऱ्यावर पिवळा उठून दिसतो, फिक्या हिरव्यावर बराच काळ मिसळून राहतो. अगरबत्तीचा धूर, फोडणीची वाफ, मुलांचे हात यांचंही तेच.

हे सगळं मान्य करूनही हिरवा फसतो, आणि फसतो तेव्हा वाईट फसतो. बहुतेक वेळा चूक निवडीत असते. शेड कार्डावर दोन बोटं रुंदीची चौकट पाहून माणूस रंग ठरवतो. चार भिंतींवर तोच रंग लागला की एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडतो, दुसरीचा तिसरीवर, आणि हिरवा स्वतःलाच गडद करत जातो. लहान खोलीत तर फारच. म्हणून कार्डावर जो आवडेल त्याच्या दोन पायऱ्या खालचा, जो कार्डावर ‘हा तर जवळजवळ पांढराच’ वाटतो, तो घ्यावा. छत पांढरंच ठेवावं. छत हिरवं झालं की चेहऱ्यावर हिरवट छाया येते, आणि मग ‘आजारी वाटतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर राहत नाही. याच कारणाने न्हाणीघरात, आरशासमोरच्या भिंतीवर मी हिरवा कुणालाही सुचवणार नाही. चकाकी नको, मॅट किंवा अगदी मंद झाक असलेलं फिनिश.

कुठला हिरवा, हे खिडकी ठरवते. हाऊस गल्लीकडे किंवा उत्तरेकडे उघडणाऱ्या खोलीत उजेड निळसर येतो. तिथे पिवळ्याकडे झुकणारा, खरा पिस्ता हवा. निळसर हिरवा तिथे गारठल्यासारखा दिसतो. पश्चिमेच्या उन्हाच्या खोलीत उलट : तिथे पिस्ता दुपारी लिंबासारखा पिवळा होतो, म्हणून राखाडी मिसळलेला, शेवाळी छटेचा घ्यावा. गुलमोहर, पिंपळ किंवा रेनट्री खिडकीला लागून असेल (दादर-माटुंग्याला अजून असतात) तर पानांतून गाळून आलेला उजेड आधीच हिरवा असतो, तेव्हा आणखी एक पायरी फिका.

आणि वेळ. आपल्याकडे रंगकाम निघतं ते गणपतीच्या तोंडावर. लालबाग-गिरगावात तर ते व्रतासारखं पाळतात. भावना मला समजते, घरी गणपती यायचा तर भिंत नवी हवी. पण श्रावण-भाद्रपदात भिंत ओलीने भरलेली असते आणि त्या ओलीवर रंग कोंडून घातला जातो. काम एप्रिल-मेमध्ये करा. गणपतीला भिंत तितकीच नवी दिसते. नव्या इमारतीत सिमेंटचा गिलावा ताजा असेल तर किमान चार आठवडे थांबा. ताज्या गिलाव्यातली अल्कली रंगाला खाते, डाग पडतात, आणि लोक म्हणतात हिरवा टिकत नाही.

पुढे विकताना अडचण येते म्हणतात. दोन हात पांढरा मारायला दोन दिवस लागतात; त्यासाठी वीस वर्षं दुसऱ्याच्या आवडीच्या भिंतीत राहायचं?

एक आक्षेप मात्र मोठ्याने बोलला जात नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, आवाज खाली करून बोलला जातो : ‘हिरवा कशाला, तो त्यांचा रंग.’ गेल्या काही वर्षांत हे मी वाढत्या खात्रीने बोललं जाताना ऐकते आणि मला त्याचा संताप येतो. आमच्या घरात नवरीच्या हातात चुडा कुठल्या रंगाचा भरतात? डोहाळजेवणाला साडी कुठली नेसवतात? देवीची ओटी भरताना तबकात बांगड्या कुठल्या ठेवतात? ज्या गणपतीसाठी लालबाग रात्र रात्र जागतं, त्याला एकवीस दूर्वांची जुडी वाहतात. गुढीला कडुलिंब, दाराला आंब्याचा टाळा, गॅलरीत तुळस. हिरव्याशिवाय मराठी घरातलं एक शुभकार्य पार पडत नाही. आणि तो मुसलमान शेजाऱ्यालाही प्रिय असेल तर त्यात आपलं काय कमी झालं? भेंडीबाजार आणि गिरगाव यांच्यामध्ये चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर आहे. ऊन-पाऊस दोघांवर एकच पडतो, ओल दोघांच्या भिंतींत सारखीच मुरते. झाडापानांचा रंग कुणा एकाच्या नावावर करून आपल्या घरातून हद्दपार करणारा माणूस आपल्याच आजीच्या हातातल्या बांगड्या परक्या ठरवतो आहे, हे त्याला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं. लिफ्टमध्येच सांगायला हवं.

एवढं वाचूनही ज्यांना पांढराच हवा, त्यांनी तो खुशाल लावावा, पण तुलना करून. दोन फूट बाय दोन फुटांचे दोन पुठ्ठे घ्या. एकावर तुमच्या पसंतीच्या पांढऱ्याचे दोन हात, दुसऱ्यावर फिक्या पिस्त्याचे दोन हात. खोलीतल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात शेजारी शेजारी टांगा. सकाळी, भरदुपारी, आणि दिवे लावण्याआधी तिन्हीसांजेला पाहा. पावसाळी दिवस मिळाला तर उत्तम. एक आठवडा तसेच राहू द्या. आणि त्या आठवड्यात घरातल्या ज्या बाईने आयुष्यभर ती भिंत पुसली, तिला पहिल्यांदा विचारा. पेंटरला डब्याची ऑर्डर त्यानंतर द्या.